कार्ड वाचवणारा बूट आणि माणूस वाचवणारा बूट

माझ्या भाच्याला डिसेंबरात नोकरी लागली. इलेक्ट्रॉनिक कार्डं, म्हणजे सर्किट बोर्ड, जोडायचा कारखाना, पगार बरा, घरापासून लांबही नाही. रुजू होताना आणायच्या वस्तूंच्या यादीत एक ओळ होती : ‘ईएसडी सेफ्टी शूज’. ईएसडी म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक डिस्चार्ज, साठलेली स्थिर वीज एकदम सुटणं. संध्याकाळी तो बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या दुकानात आला नि म्हणाला, “मामा, शॉक बसत नाही ते बूट घ्यायचे न्हवं? खडे बाजारात वायरमनचे बघून आलोय. घेऊन टाकू काय?”

“घेऊ नको. आधी बस.”

बावीस वर्षं मी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनची कार्डं दुरुस्त करतोय. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कितीतरी शॉपमध्ये हीच गफलत बघितली आहे. ‘करंटचे बूट’ असं म्हणत आपण तीन वेगवेगळे बूट एकाच पोत्यात भरतो. त्यातला एक करंटला जमिनीकडे जाऊच देत नाही. दुसरा, म्हणजे ईएसडी बूट, अंगावरची वीज मुद्दाम जमिनीत उतरवतो. दोघांची कामं अगदी उलटी आहेत. चुकीचा बूट चुकीच्या जागी घातला तर एका ठिकाणी कार्ड जातं, दुसऱ्या ठिकाणी माणूस. त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

अंगावर वीज येते कुठून, इथून सुरुवात करू. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या आणि सुटल्या की एकीवरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर राहून जातात. घासलं तर जास्त, पण नुसतं टेकून सुटलं तरी पुरे. चालताना आपलं पाऊल फरशीला टेकतं आणि सुटतं, टेकतं आणि सुटतं. दर पावलाला हा व्यवहार चालू असतो. संक्रांतीच्या सुमारास बेळगावात हवा कोरडी पडली की रात्री स्वेटर डोक्यावरून काढताना चरचर आवाज येतो, अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात, ती हीच स्थिर वीज. वडगाव-शहापूरकडे मागावर काम करणाऱ्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कोरड्या हवेत कृत्रिम सूत कसं अंगाला चिकटतं, हे त्यांनी रोज बघितलेलं असतं.

जुलैत हीच कटकट पार कमी होते. आपल्याकडचा पाऊस म्हणजे भिंतींनाही ओल धरवणारा. हवेतल्या दमटपणामुळे वस्तूंवर पाण्याचा अदृश्य पापुद्रा बसतो आणि चार्ज, म्हणजे साठलेली वीज, त्यावरून वाहून जातो. या क्षेत्रात वर्षानुवर्षं वापरात असलेले आकडे बघा. सतरंजीसारख्या गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर, हवेतली आर्द्रता १० ते २० टक्के असेल तर ३५,००० व्होल्टपर्यंत चढू शकतात. आर्द्रता ६५ ते ९० टक्के असेल तर १,५००. विनाइलच्या फरशीवर तेच आकडे १२,००० आणि २५०. टेबलावरून साधी प्लास्टिकची पिशवी उचलली तर कोरड्या हवेत २०,०००.

“एवढे व्होल्ट? मग माणूस मरत का नाही?” भाच्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता. माणूस मरतो तो व्होल्टच्या आकड्याने नव्हे, अंगातून किती करंट किती वेळ वाहिला त्याने. आपलं शरीर चार्ज साठवतं खरं, पण त्याचं भांडं फार लहान, साधारण १०० ते २०० पिकोफॅरड (चार्ज साठवायच्या क्षमतेचं बारीक माप). १०,००० व्होल्टला १०० पिकोफॅरडमध्ये मावते ती ऊर्जा ५ मिलिज्यूल. दाराच्या कडीला हात लावल्यावर टच्‌कन बसतं ते एवढंच, आणि ते एका क्षणात संपतं. घरातल्या २३० व्होल्टच्या लाईनमागे मात्र अख्खं वीजकेंद्र उभं असतं. ती संपत नाही.

आता कार्डाच्या बाजूने बघू. मशीनची मोटर चालवणाऱ्या सर्व्हो ड्राइव्हच्या कार्डावर मॉस्फेट किंवा आयजीबीटी असतात, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच. त्यांचं गेट म्हणजे काचेसारख्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराने वेगळं ठेवलेलं टोक. त्या थरावर साधारण २० व्होल्टपेक्षा जास्त देऊ नका, असं बनवणाऱ्यानेच डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, लिहिलेलं असतं. छोट्या, नाजूक आयसी, म्हणजे चिप, तर याहून हळव्या. काही १०० व्होल्टच्या स्थिर विजेनेही जातात. आणि माणसाला झटका जाणवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. म्हणजे १०० पासून ३,००० पर्यंतच्या मोठ्या पट्ट्यात वस्तू मरते आणि तुम्हाला काहीच कळत नाही. ना आवाज, ना ठिणगी, ना बोटाला चटका. “मला तर कधी शॉक बसला नाही” असं कोणी छातीठोक सांगतो, तेव्हा मला त्याच्या कार्डांची काळजी वाटते.

यापेक्षाही वाईट म्हणजे अर्धमेली वस्तू. ऑक्साइडला आरपार भोक न पडता नुसती इजा झाली तर कार्ड टेस्टला पास होतं, मशीनवर चढतं, महिना-दोन महिने नीट चालतंसुद्धा. मग एक दिवस बसतं. माझ्याच टेबलावर असं घडलंय. धंदा नवा होता तेव्हाची गोष्ट. एका लेथच्या ड्राइव्हचं कार्ड आलं, मी नवे आयजीबीटी घातले. जानेवारी महिना, अंगात लोकरीचं स्वेटर, पायात रबरी चप्पल. नवे आयजीबीटी साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढून तसेच हातात घेतले. कार्ड चाललं, मालक खूश. सात आठवड्यांनी तेच कार्ड परत. मालकाने दोष लाईटच्या व्होल्टेजला दिला, मीही दिला. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मात्र झोप लागेना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी : आम्ही मशीनचं अर्थिंग तपासत बसलो होतो, आणि इजा माझ्या बाकावर होत होती. स्थिर विजेने केलेल्या घावावर सही नसते, त्यामुळे ती कोर्टात उभी करता येत नाही. पण त्या आठवड्यात मी अंगावरची वीज जमिनीत उतरवणारी चटई, मनगटाचा पट्टा आणि टाचेचे पट्टे आणले, आणि त्यानंतर त्या प्रकारे कार्ड परत येणं थांबलं.

तर बुटाचं काम काय? अंगावर चार्ज साठायच्या आधी तो जमिनीत सोडत राहणं.

कपिलेश्वराच्या पिंडीवर अभिषेकपात्र टांगलेलं असतं, ते आठवा. तांब्याच्या भांड्याला तळाशी बारीक छिद्र, त्यातून संततधार गळते. छिद्र बुजलं तर भांडं भरून वरून सांडेल. छिद्र फार मोठं असलं तर सगळं पाणी एकदम कोसळेल, धार राहणारच नाही. ईएसडी बुटाचा तळ म्हणजे असं मापून पाडलेलं छिद्र. वरून दर पावलाला चार्ज पडतोय, खालून तो गळतोय, आणि भांडं कधी भरतच नाही.

हे माप रेझिस्टन्समध्ये, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यात, सांगतात. त्याचं एकक ओहम, आणि एक मेगाओहम म्हणजे दहा लाख ओहम. अमेरिकेच्या एएसटीएम एफ २४१३ या मानकात ‘एसडी’ म्हणजे स्टॅटिक डिसिपेटिव्ह (स्थिर वीज हळूहळू सोडणाऱ्या) बुटासाठी १ मेगाओहम ते १०० मेगाओहम ही मर्यादा आहे. त्यातच आणखी कडक प्रकार म्हणून वरची मर्यादा ३५ आणि १० मेगाओहम असणारे बूटही येतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामासाठी जगभर चालणाऱ्या आयईसी ६१३४० या मालिकेतही बुटाची वरची हद्द १०० मेगाओहमच आहे.

१०० मेगाओहम ऐकून वाटतं, यातून काय डोंबल वाहणार! हिशोब करून बघा. १०० पिकोफॅरडचं शरीर, १०० मेगाओहमचा बूट. दोन्हींचा गुणाकार येतो सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्या वेळात अंगावरचा दोन तृतीयांशाच्या आसपास चार्ज उतरतो, आणि सेकंदाच्या तीन शंभरांशात जवळजवळ सगळा. आपण पावलं टाकतो सेकंदाला दोनेक. पुढचं पाऊल पडायच्या कितीतरी आधी भांडं रिकामं! आता रबरी चप्पल घ्या, तिचा रेझिस्टन्स सहज दहा लाख मेगाओहम असू शकतो. तोच गुणाकार केला तर वेळ येतो १०० सेकंद. तोवर माणूस दोनशे पावलं चालून, कार्डाला हात लावून मोकळा झालेला असतो.

आणि खालची मर्यादा, १ मेगाओहम, ती कशाला? ती कार्डासाठी नाही, माणसासाठी आहे. चुकून २३० व्होल्टच्या उघड्या तारेला हात लागला आणि बुटातून वाट जमिनीपर्यंत मोकळी असली तर? १ मेगाओहममधून जाणारा करंट ०.२३ मिलिअँपिअर, बहुतेकांना जाणवणारही नाही इतका. हाच बूट लोखंडासारखा वाहक असता तर प्राण गेला असता. मनगटाच्या पट्ट्याच्या वायरमध्येही याच कारणासाठी १ मेगाओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो. तो काढून थेट वायर जोडणारे ‘हुशार’ लोक मी बघितलेत. असं कधी करू नका.

आता भाच्याचे वायरमनचे बूट. त्या जातीला एएसटीएममध्ये ‘ईएच’, म्हणजे इलेक्ट्रिकल हॅझर्ड, म्हणतात. त्याची चाचणी अशी : कोरड्या स्थितीत १८,००० व्होल्ट एक मिनिट लावायचे, आणि तळातून १ मिलिअँपिअरपेक्षा जास्त गळती होता कामा नये. म्हणजे छिद्र पूर्ण बुजवलेलं पात्र. चालू लाईनजवळ काम करणाऱ्याला हेच हवं, आणि तेही दुसरा आधार म्हणून. लाईन बंद करणं आणि हातमोजे हा पहिला आधार. हे बूट घालून भाचा कार्डांच्या टेबलाशी उभा राहिला असता तर त्याच्या अंगावरची वीज दिवसभर उतरली नसती. उलट त्याचे ईएसडी बूट घालून एखादा वायरमन पॅनेलमध्ये हात घालायला गेला तर त्याच्या पायाखाली इन्सुलेशन नाही, मुद्दाम ठेवलेली वाट आहे. ती १ मेगाओहमची मर्यादा अपघातापुरती आहे, चालू लाईनवर काम करायची परवानगी नाही. घाम, पाणी, ४१५ व्होल्टचं पॅनेल हे सगळं जमून आलं की मर्यादेचे हिशोब कागदावर राहतात.

तिसरी जात कंडक्टिव्ह, म्हणजे वाहक, बुटांची, ५०० किलोओहमच्या (अर्ध्या मेगाओहमच्या) आतली. दारूगोळा, स्फोटकं अशा ठिकाणची. ती आपल्या विषयात नको, फक्त ओळखून ठेवा. जिथे चालू विजेशी संबंध येऊ शकतो तिथे हे बूट घालायचेच नाहीत.

युरोपच्या पद्धतीने बनणाऱ्या बुटांवर ‘अँटिस्टॅटिक’ असं लिहिलेलं असतं, तिथे एक पाय घसरतो. आपल्याकडचं भारतीय मानक आयएस १५२९८, भाग २ हेही त्याच वळणाचं. त्यात अँटिस्टॅटिकची हद्द १०० किलोओहम ते १,००० मेगाओहम इतकी रुंद आहे. म्हणजे एखादा बूट खरोखर, नियमाने अँटिस्टॅटिक असेल आणि तरी कार्डाच्या कामाला उपयोगाचा नसेल, कारण तो ६०० मेगाओहमचा आहे. कार्डासाठी ‘ईएसडी’ अशी वेगळी खूण बघायची. बहुतेक वेळा ती पिवळ्या-काळ्या त्रिकोणातल्या हाताच्या चित्रासह असते. अँटिस्टॅटिकची रुंद हद्द मुख्यत्वे आग टाळायला आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यांच्या डिस्टिलऱ्याही. अल्कोहोलची वाफ पेटायला एक मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते, आणि माणसाच्या बोटावरची ठिणगी ५ मिलिज्यूलची असू शकते हे वर बघितलंच. तिथे काम करणाऱ्या पोरांनी घरून स्लीपर घालून जाणं मला बघवत नाही.

‘सेफ्टी’ हा शब्द बुटाच्या पुढच्या टोकासाठी असतो. आयएस १५२९८ प्रमाणे बोटांवरच्या टोपीला २०० ज्यूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तेवढा, आणि १५ किलोन्यूटनचा दाब, म्हणजे दीड टनाचा भार. स्थिर विजेशी या टोपीचा काही संबंध नाही. लोखंडी टोपी आहे म्हणजे वीज उतरते, असं समजणारे भेटतात, म्हणून लिहिलं.

माझ्या दुकानात एक जुना ईएसडी बूट उभा चिरून ठेवलाय, हॅक्सॉने मीच कापला. येणाऱ्याला तो हातात देतो. वरून बघत जा : मऊ आतला तळवा, म्हणजे इनसोल, त्यात काळ्या धाग्याच्या शिवणीच्या रेघा. तो धागा वाहक आहे, सजावट नाही. त्याखाली पुठ्ठ्यासारखा थर, त्यालाही तीच शिवण. त्याखाली करड्या-काळ्या रंगाचा पॉलियुरेथेनचा जाड तळ, त्यात कार्बन मिसळलेला. पायाचा घाम मोज्यातून इनसोलपर्यंत, इनसोलच्या धाग्यातून पुठ्ठ्यापर्यंत, तिथून कार्बनच्या तळात, तळातून फरशीत. एवढी साखळी. कुठेही एक कडी तुटली की बूट कितीही महागाचा असो, तो रबरी चपलेच्या बरोबरीचा झाला.

घाम हीसुद्धा एक कडी आहे, हे लोकांना पटत नाही. सकाळी कोरड्या पायात, जाड नायलॉनचे मोजे घालून लगेच टेस्टरवर उभे राहिलात तर लाल दिवा लागू शकतो. दहा मिनिटं बूट घालून फिरा, पाय जरा ओलसर होऊ द्या, हिरवा लागतो. बूट तोच, पाय तोच. सुती मोजे बरे.

फरशी ही शेवटची कडी, आणि कारखान्याचे मालक इथेच पैसे वाचवतात. बुटाने वीज फरशीपर्यंत आणली. पुढे फरशीने ती अर्थिंगपर्यंत न्यायला हवी. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल किंवा साधा इपॉक्सी रंग ती नेत नाही. त्यासाठी वाहक टाइल किंवा चटई लागते, तिच्याखाली तांब्याची पट्टी, आणि ती पट्टी अर्थला जोडलेली. म्हणून मानकात फक्त बूट मोजून सोडत नाहीत. माणूस, बूट आणि फरशी मिळून रेझिस्टन्स १,००० मेगाओहमच्या आत हवा, आणि माणूस त्या फरशीवर चालताना अंगावर १०० व्होल्टपेक्षा जास्त चढता कामा नयेत. नुसत्या बुटाच्या भरवशावर राहून भागत नाही. साध्या फरशीवर ईएसडी बूट म्हणजे नळ उघडायचा आणि मोरीला बोळा घालायचा.

बसून काम करणाऱ्याला तर बूट पुरतच नाही. माणूस खुर्चीत बसला की पाय उचलतो, खुर्चीच्या कड्यावर ठेवतो, मांडी घालतो. साखळी तुटली. फोमच्या खुर्चीतून नुसतं उठलं तरी कोरड्या हवेत १८,००० व्होल्टपर्यंत चढू शकतात. बसणाऱ्याने मनगटाचा पट्टा बांधायचा. बूट हा उभ्याने फिरणाऱ्याचा सोबती. टाचेचे पट्टे वापरत असाल तर दोन्ही पायांना वापरा, कारण चालताना एक पाय नेहमी हवेत असतो, आणि पट्टा त्याच पायाला असला तर?

चामड्याच्या चपलेबद्दल मला अनेकदा विचारतात, आणि आपल्या भागात ते साहजिक आहे. अथणी-निपाणीकडच्या कारागिरांच्या हातची चप्पल कोल्हापुरीच्या नावाने जगभर जाते. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकचे चार जिल्हेही आहेत. “चामडं तर नैसर्गिक, मग त्यातून वीज उतरेल की!” उतरते, चामडं ओलसर असेल तेव्हा. पावसाळ्यात एक आकडा, मार्चमध्ये भलताच दुसरा. ज्याचं माप ऋतूबरोबर बदलतं त्यावर कार्डाचा जीव ठेवता येत नाही. त्या चपलेबद्दल मला फार प्रेम आहे, पण ती दुकानाच्या उंबऱ्याबाहेर काढतो.

बूट मोजायला हातातला साधा मल्टीमीटर चालत नाही, एवढा मोठा रेझिस्टन्स तो नीट दाखवत नाही. दारापाशी भिंतीवर लावलेला टेस्टर असतो, खाली पाय ठेवायची धातूची पट्टी. एकेक पाय ठेवायचा, बटण दाबायचं. हे रोज करायचं, कारण तळ रोज बदलतो. फाउंड्रीच्या वाळूत, तेलात, खानापूरकडच्या लाल चिखलात तोच बूट घालून फिरलात तर तळावर थर बसतो आणि छिद्र बुजतं. म्हणून हे बूट घालून गाडीवरून यायचं नाही. कारखान्यात ठेवायचे, तिथेच घालायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा. मेण किंवा पॉलिश तळाला लावू नका.

भाच्याने शेवटी ईएसडीची खूण बघून बूट घेतले. रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा फोन, आवाज रडवेला. “मामा, रोज लाल दिवा लागतोय. सुपरवायझर आत सोडत नाहीत. बूटच फसवे दिलेत वाटतं.” मोजे विचारले, सुतीच होते. तळ पुसला होता. दहा मिनिटं फिरूनही बघितलं होतं. मग म्हटलं, “आत हात घालून बघ, काळ्या धाग्याच्या रेघा लागतात काय?” तो थोडा वेळ गप्प. दिवसभर उभं राहून टाच दुखेल म्हणून आमच्या ताईने गणपत गल्लीतून आणलेला मऊ फोमचा तळवा त्याने पहिल्याच दिवशी बुटात घातला होता, कंपनीचा काढून.

तो काढला, मूळचा परत घातला. दोन्ही पायांना हिरवा दिवा लागला तेव्हा फोन चालूच होता, टेस्टरचा बारीक आवाज मलाही ऐकू आला.